नजीकचं कारण

हळदोण्याला पोचलो तेव्हा फणस अजून छपरावरच होता.
शेजाऱ्याचा फणस. मुळांना लाल माती,
दमलेला माणूस कुणाच्या खांद्यावर हात टाकतो
तसा आढ्यावर रेललेला.
इनास कार्व्हालो खाली उभा, पिठाचे हात पाठीमागे धरून.
"विम्याचे पात्रांव?"
मी ओळखपत्र दाखवलं.

माझं काम तसं सोपं.
शिडी, टॉर्च, टेप आणि एक लांब स्क्रूड्रायव्हर.
वाशाला टोचायचा. आत गेला तर वाळवी,
नाही गेला तर वादळ.
पॉलिसीत वादळ आहे, वीज आहे,
पडलेलं झाड आहे, मग ते कुणाच्याही परसातलं असो.
वाळवी नाही. गंज नाही.
वानरांनी सरकवलेली कौलंही नाहीत.
एका रात्रीत झालं ते आमचं,
वर्षानुवर्षं होत राहिलं ते ज्याचं त्याचं.

स्क्रूड्रायव्हर दोन ठिकाणी आत गेला,
पाच ठिकाणी नाही.

पिएदाद बादली सरकवत म्हणाली,
हा डागही लिहा, परवाच्या रात्रीचा.
इनासने मान हलवली. "न्हय गो.
तो गेल्याच्या गेल्या वर्साचो."
तिने त्याच्याकडे असं पाहिलं
की मी उगीचच टेप गुंडाळायला लागलो.
'जुना' असं लिहिलं. पेन दोनदा अडलं.
ओल्या कागदावर अडतंच.

मग कौलांचं वय. वयाचे पैसे कापायचे असतात.
कौलाच्या पोटावर मंगळूरच्या कारखान्याचा शिक्का,
साल झिजलेलं.
"कधी घातली?"
"पायने. मी शाळेत होतो."
"कितवीत?"
"तिसरीत," आणि हसला, "दोन वर्सं तिसरीतच."
मी दुसरं वर्ष धरलं.

खरी अडचण भिंतीची.
छप्पर एकच, मधे एक भिंत,
अलीकडे पलंग, कपाट, खुरसाजवळची समई,
पलीकडे भट्टी.
पॉलिसी राहत्या घराची.
भट्टी म्हणजे धंदा, धंद्याची पॉलिसी वेगळी,
हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं,
किंवा सांगितलंही असेल, रात्री दोनला उठणाऱ्या माणसाला
भर दुपारी.
भिंतीच्या माथ्यापासून वर वाशांवर
मी खडूची रेघ ओढली.
फणस बरोब्बर रेघेवर आडवा.
कौलं मोजली. अलीकडे तीनशे बारा,
पलीकडे दोनशे सत्त्याऐंशी,
आणि एक रेघेवरच फुटलेलं.
ते घरात धरलं.

निघताना त्याने कागदात सहा उंडे बांधले.
आम्हाला काही घेता येत नाही, मी म्हणालो.
"मग विकत घ्या."
पन्नासची नोट दिली.
त्याने वीस रुपये परत दिले, मोजून,
नाण्यांनाही पीठ लागलेलं.
म्हापशाला पोचेपर्यंत गाडीत
पलीकडच्या दोनशे सत्त्याऐंशींचा वास.

रिपोर्टात रकाना असतो, नुकसानीचं नजीकचं कारण.
लिहिलं: वारा.
त्यामागचं, त्याच्याही मागचं
कुणी विचारत नाही.

पैसे मंजूर झाले. कापून, वजा करून, जेवढे व्हायचे तेवढे.
महिन्याभराने फेरतपासणीला गेलो.
फणस नव्हता. पडवीत त्याच्या फळ्या रचलेल्या, पिवळ्याधमक.
भट्टीवर नवी कौलं, लालबुंद, एकसारखी.
आणि घरावर अजून ताडपत्री, चारी कोपऱ्यांना दगड.
मी इनासकडे पाहिलं.
तो ताडपत्रीकडे पाहत होता.
"घर रावता," म्हणाला. "उंडे रावनात."

आतून पिएदादचा आवाज, पोराला सायकल काढायला सांगणारा.
पोदेराचा भोंगा दोनदा वाजला आणि वळणावर गेला.

एक रकाना उरला होता:
रक्कम ज्या भागासाठी दिली
त्याच भागावर खर्च झाली का?
मी शिडी गाडीतून काढलीच नाही.
गुडघा दुखतो म्हटलं.
खालूनच फोटो घेतला, ऊन समोरून येत होतं.
निळ्या आभाळात निळी ताडपत्री
नीट दिसत नाही.