अक्कलहुशारीने

कोठीच्या आवारात, झेरॉक्सवाल्याला खेटून
पंड्यावकिलांचं टेबल.
चष्मा कपाळावर चढवून ते हळूच म्हणाले,
"बेन, काय करायचं ते या महिन्यात.
पुढे यांना समजेनासं झालं
की मुखत्यारपत्राचा कागद नुसता कागद.
मग कोर्ट, मग पालक नेमा,
मग वर्ष म्हणा, दीड म्हणा."

भालूदादा बाकावर बसून
समोरच्या सायकली मोजत होता.
प्रतापनगरच्या रेल्वे स्टोअरमध्ये चौतीस वर्षं
त्याने नट-बोल्ट मोजून दिले, मोजून घेतले.
एकदा एक पाना कमी भरला
म्हणून ऐन पाडव्याला गोडाउन उघडायला लावलं.
सापडला. त्याच्याच खिशात होता.

आदल्या आठवड्यात मी त्याची पेटी उघडली.
डिपॉझिटच्या सात पावत्या,
वर वितळून चिकटलेला रबरबँड.
सातही ठिकाणी वारसाच्या रकान्यात
त्याचं ते ठाशीव अक्षर:
द्वारका सदाशिव रणदिवे. नाते, आई.
आईला जाऊन सव्वीस वर्षं झाली.
शेवटची पावती गेल्या मार्चमधली.
तेव्हाच कुणाच्या तरी लक्षात यायला हवं होतं.
बँकेच्या नाही, माझ्या.

हिशेब मांडला दुधाच्या बिलामागे.
पेन्शन एकतीस हजार दोनशे.
वाघोडिया रोडच्या त्या होमचे महिना अठ्ठावीस,
डायपर वेगळे, रात्रीची बाई वेगळी.
अनामत दोन लाख, परत मिळेल
"निवासी नसल्यास."
असंच छापलंय.
उरले बत्तीसशे.
त्यात डायपर, त्यात बाई, त्यात केस कापणं,
आणि चहात बुडवायला खारी,
जी तो अजून चार मोजूनच घेतो.
बेरीज तीनदा केली. तिन्ही वेळा
कमी पडलं ते माझ्या बांगडीएवढं.

मुलगा फोनवर म्हणाला,
आई, कायद्याने हे अगदी बरोबर आहे.
मी विचारलं नव्हतं.

नोटरीने विचारलं, काका, आज वार कोणता?
"पगाराचा."
आणि या कोण?
दादाने माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ,
नोट उजेडाला धरून बघतात तसं.
"घरातली आहे," म्हणाला.
पंड्यांनी नोटरीकडे पाहिलं,
नोटरीने पंख्याकडे.
मी दस्तावरचं तिकीट बघत राहिले.

दस्त गुजरातीत. वकील वाचत गेले,
राजीखुशीथी, अक्कल होशियारीथी,
कोईना दबाण वगर.
दादा मान डोलवत होता,
शाळेत प्रार्थनेला डोलवायचा तशी.
आणि माझा हात त्याच्या खांद्यावर होता.
किती जोराने, ते मला नंतर जाणवलं.

मग त्याने पेन घेतलं.
बोटं थरथरली नाहीत.
खालच्या रेघेवर, जागा चुकू न देता,
स्वच्छ लिहिलं:
माल बरोबर. भा. स. रणदिवे.
खाली तारीख, एकोणीसशे ब्याण्णवची.

"अरे, अरे," नोटरी म्हणाले. "आ तो रद."
तीनशेचा नवा स्टॅम्पपेपर आला.
या वेळी कुणी पेन दिलं नाही.
त्याचा अंगठा मीच धरला, मीच टेकवला.
शाई त्याने धोतराला नाही,
माझ्या पदराला पुसली.

रद्द झालेला कागद वकील फाडणार होते.
मी मागून घेतला.
"शुं करशो एनुं?"
काही नाही, म्हटलं, राहू दे.
होमच्या फाइलीत तो लागत नाही.
पिशवीत आहे, पावत्यांच्या खाली.

बाहेर आलो.
अकरा सायकली होत्या, आता दहा.
"एक कमी आहे," दादा म्हणाला,
आणि नोंद झाल्याशिवाय हलेना.
रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.
मी पर्समध्ये पेन शोधत होते.