चहाच्या आधीचा अर्धा तास

तासगावच्या कोल्ड स्टोरेजमध्ये सगळ्यांनाच थंडी वाजते,
म्हणून माझी थंडी दोन वर्षं कुणाला दिसली नाही.
मलाही नाही.
स्वेटरवर स्वेटर, वर मालकांनी दिलेला निळा कोट,
बोटं तेवढी उघडी, बेदाणा निवडायला.

वैशाखात मी घरी गोधडी घेतली
तेव्हा शेजारची जहिदा म्हणाली, "मालन, हे काय गं?
वर पत्रा तापलाय, आणि तू!"
म्हटलं, कामाची थंडी आहे, अंगात मुरलीय.

केस गळायचे, ते वय.
जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसावं लागायचं, ते वजन.
बोलता बोलता शब्द हरवायचा, तो हिशेबाचा ताण.
प्रत्येकाला नाव देऊन ठेवलेलं,
जसं खोक्यावर लिहितो आम्ही: हिरवा, पिवळा, काळा.

मिरजेला मगदूम डॉक्टरांनी मनगट धरलं
आणि घड्याळाकडे जरा जास्तच वेळ बघितलं.
अठ्ठेचाळीस.
मग छातीवर ते गारगार जेल, पडद्यावर काळीज
आणि त्याच्याभोवती पाण्याची एक काळी कड.
टँकरच्या गावात वाढलेली बाई मी,
पाणी साचलं तेही कुठं!

गळ्यातल्या ग्रंथीला, म्हणाले,
शरीराचे राखणदारच परकं समजतायत.
मला राखणदार काही दिसले नाहीत.
मला दिसली रात्रपाळीला पेंगुळलेली
एक निवडणारी बाई,
चांगला दाणा उचलून खराबाच्या पाटीत टाकणारी,
उचलते, टाकते,
अगदी मन लावून.
कुणी तिला सांगितलंच नसणार.
तिचा राग येईना मला.

पंचवीसची गोळी. लगेच जास्त नाही;
पहाटेचा गार ट्रॅक्टर एकदम रेटत नाहीत,
काळजाचंही तसंच.
उपाशीपोटी घ्यायची. पुढं अर्धा तास चहा बंद.

लग्नाला एकवीस वर्षं झाली,
एवढा वेळ मी कधी नुसती बसले नव्हते.
पाच वाजता उंबऱ्यावर, दूध अजून पिशवीत,
मनगटावर दोन बोटं ठेवून मोजते.
पहिल्या महिन्यात बावन्न. दिवाळीला अठ्ठावन्न.
आज त्रेसष्ट, मधेच एक ठोका अडखळला,
मी श्वास धरला,
तो आला.

"चहा झाला का?" आतून आवाज.
थांबा.
अजून अकरा मिनिटं.