उलवे, सेक्टर एकोणीस

एजंट भविष्यकाळातच बोलतो:
इथे शाळा होईल, तिथे बाग,
त्या चिखलापलीकडे बाजार.
मी विचारते, रात्री अकराला भुर्जीपाव?
तो जरा थांबतो.
"मिळेल की, मॅडम."

गिरगावातल्या आमच्या भाड्याच्या खोलीत
शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मीच मोजते,
पेडणेकरांची डाळ कधी करपू दिली नाही.
इथे चौदाव्या मजल्यावरून
समोरच्या अख्ख्या टॉवरमध्ये तीन दिवे.

शार्दूल रिकाम्या हॉलमध्ये
दोन्ही हात पसरून गोल फिरतो.
कुठेच काही लागत नाही.
लग्नाला दोन वर्षं झाली,
याचे हात इतके लांब आहेत
हे आत्ता कळतंय.

एजंट टोकनचं काढतो.
थांबा जरा, म्हणते,
खालच्या कुठल्याशा मजल्यावर
एक शिट्टी झालीय.
दुसरीची वाट बघतेय.