दुसरं टोक

उद्यमबागेत रात्री अडीचला दोनच जागा जाग्या असतात:
कोपऱ्यावरची फाउंड्री, लोखंड ओतणारी,
आणि तिच्या भिंतीला भिंत लावून आमची खोली,
जिथं एक तार
निरपेक्ष शून्याच्या केसभर वर टांगलीय.
तिकडं साचा ठोकला की इकडं माझा आलेख थरथरतो.
शेवटी यल्लाप्पांना जाऊन सांगितलं.
"होय की बाई, दोन ते चार ठोकत नाही.
थंड होऊं दे तुमचं काय ते."

तारेच्या मधोमध काही घडत नाही.
जोड्या लावून निजलेले इलेक्ट्रॉन, बस.
जे आहे ते काठावर:
एकच कण, अर्धा या टोकाला, अर्धा त्या.
ना धन, ना ऋण.
त्याचा उलटा शोधायला जावं तर पुन्हा तोच भेटतो.
एक टोक कितीही खरवडा,
हाती बातमी लागत नाही.

बाबा वडगावात अजून माग चालवतात.
धागे मोजतात कन्नडमध्ये, ओंदु, एरडु, मूरु,
आणि तुटला की शिवी मराठीत.
त्यांना फोनवर हे सगळं सांगितलं.
बराच वेळ नुसता धोट्याचा आवाज.
मग, "अर्धं हिकडं, अर्धं तिकडं. मग ऱ्हातंय कुठं गे ते?"
दोन्हीकडं, मी म्हटलं. म्हणजे कुठंच नाही.
म्हणजे, बाबा, मधल्या अंतरात.
"आणि रेशनकार्डावर काय लिव्हतेत त्येच्या?"

हसले. मग आपणहूनच सांगत बसले,
ताण्याचे दोन धागे एकमेकांवरून गेले
तर मोजदाद तीच भरते, काठाची नक्षी मात्र चुकते.
आधी कुठला कुणावरून गेला
ते कापडाला ठाऊक असतं,
विणणारा विसरला तरी.
माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण हेच.
अजून लिहायचंय.

तीन चाळीस.
शून्य व्होल्टवर शिखर उभं राहतं, अरुंद, देखणं.
मी कुणाला उठवत नाही.
असली शिखरं फसवतात.
तारेतली एखादी मळकी जागासुद्धा
हुबेहूब असंच उभं करून दाखवते.
दुसऱ्या टोकालाही हवं,
याच शून्यावर, याच चुंबकाखाली.

जोडणी बदलते. बोटं गार.
चाराला तीन मिनिटं कमी.
भिंतीपलीकडं यल्लाप्पा घड्याळ बघत असतील,
हातोड्याच्या दांड्यावर हात ठेवून.