कडेची शिलाई

सात रस्त्यावरच्या ऑफिसात पोरगा दर सांगतो:
हनोई स्वस्त. काठमांडू त्याहून.
टोकियो? "मावशी, तिथं पाणीसुद्धा विकत."

इथं तरी कुठं फुकट,
पाच दिवसांआड नळ, नाहीतर टँकर.

येमुलबाईचं बोट टोकियोवरच.
अठरा वर्षं अक्कलकोट रोडला
टॉवेलच्या कडा शिवल्या,
खोक्यांवरची गावं अक्षर लावत वाचली.
"माझं सामान कधीच पोचलंय तिथं."
पोरगा उगाच कॅल्क्युलेटर पुसतो.

शेवटी काठमांडू. दोघींचं, हप्त्यानं.

जिन्यातच तिचा हिशोब सुरू:
कडक भाकरी, किलोभर शेंगाचटणी, स्वेटर एकच,
आलटून पालटून.
"टॉवेल हॉटेलवाला देतो," मी म्हणते.

"देऊ दे की.
मी आधी उलटून बघणार
कड कुणी मारलीय."