जमा अकरा, नावे काही नाही

दिवसा मी बर्फ लिहिते.
कुठल्या ट्रॉलरने किती लाद्या नेल्या,
रोख कोण, शिमग्यानंतर देतो म्हणाला कोण.
वेंगुर्ल्याच्या बंदरात उधारीलाही हंगाम असतो,
आणि जयवंतशेठ म्हणतात तसं,
बर्फ वितळला म्हणून बाकी वितळत नाही.

रात्री दुसरी वही.
हिच्यात माणसांनी मनात जन्माला घातलेली माणसं.
दापोलीच्या ऋतिकाची, खेकड्याच्या नांग्यांची वेणी घालणारी
दर्यासुभेदारीण,
रेवदंड्याच्या ग्रेशियनचा, शेपूट गहाण टाकलेला
पालमास्तर,
जैतापूरच्या नाझमीनची काजवी,
जिचा उजेड फक्त खोटं बोलताना लागतो.
तू माझी काढ, मी तुझा काढते.
पैसा नाही. हाताला हात.
एकशे बासष्ट जण मोबाईलमध्ये,
आणि हिशेब माझ्याकडे,
कारण मला हिशेब येतो असं कुणीतरी एकदा ठरवलं.

दर ठरवायलाच सहा महिने गेले.
पूर्णाकृती, रंगासकट, म्हणजे छातीपर्यंतच्या दोन.
मागे समुद्र हवा असेल तर वेगळं बोला.
आईने ऐकलं. "म्हंजे एका सरंग्याक किती बांगडे, तसांच मां?"
तसंच गो.
भांडणंही तशीच, ताजी आहेत तोवर सोडवायची.
"जखम डाव्या गालावर होती, हिने उजव्यावर काढली."
"मी तीन रात्री दिल्या, त्याने पेन्सिलीने उरकलं."
"काढतो काढतो म्हणत गणपती गेले, दिवाळी गेली."
मी दोन्हीकडे गोड बोलते. नाहीच जमलं
तर रात्री दीडला उठून
दुसऱ्याचं देणं स्वतःच काढून देते.
माझी आहे एक, समईच्या वातीएवढी बाई.
तिला दोन वर्षांत कुणी काढलेलं नाही.
मीही नाही.

दाभोळचा सुफियान परकार.
फेरीबोटीची तिकिटं फाडतो,
उरलेल्या अर्धुकांच्या पाठीवर कच्चं काढतो.
अकरा जणांचे अकरा दिले त्याने, नखांसकट,
आणि मागितलं काही नाही.
अरे, तुझा कुठे आहे?
मग पाठवला: उंच मुलगा, बाह्या दुमडलेल्या,
चेहऱ्याच्या जागी कागद.
"तोंड अजून सुचलं नाही. दुसऱ्या कुणी दिलं
तर ते त्यांचं होईल ना."

एप्रिलपासून तो गप्प.
ताई, खातं बंद करा, कुणी म्हणालं,
वहीत अशी ओळ खुपते,
जमा अकरा, नावे काही नाही.
मी शेठचं वाक्य उलटं करून सांगितलं,
मागितलं नाही म्हणून देणं वितळत नाही.
एवढंच. याउप्पर शब्द नाही.

बोटी पुन्हा पाण्यात उतरल्या त्या आठवड्यात
एकेक यायला लागला.
सगळे पाठमोरे.
ठरवलं नव्हतं कुणी.
ऋतिकाने धक्क्यावर उभा केला,
नाझमीनने माडावर अर्ध्यात,
ग्रेशियनने न्हाव्याच्या खुर्चीत, आरसा वाफेने पुसट.
एकाने नुसती ओली पावलं काढली,
ती पूर्णाकृती धरायची की छातीपर्यंत
मला अजून ठरवता आलेलं नाही.
आणि अकरावी, कुणकेश्वरची चिन्मयी, वय तेरा,
नियम न वाचता
तिने त्याची मान जराशी वळवली,
म्हणून
एक कान दिसतो.

ते चित्र मी दोन दिवस अडवून ठेवलं.
मग पाठवलं, वर माझी माफी.

पहाटे ट्रॉलर रांगेत,
पहिली लादी क्रशरमध्ये उतरत होती
तेव्हा फोन थरथरला.
"कान बरा आहे. ठेवतो."

बोटं गारठलेली, समोर होती ती वही ओढली.
बर्फाची निघाली.
सुफियान परकार, कान, एक.
शेठ विचारतील आता,
हा कुठला ट्रॉलर.