अस्तर

परीक्षेला चार मार्कांचा प्रश्न असतो:
टॅपेटम म्हणजे काय? कार्ये लिहा.
मुलं लिहितात, परागकोशाचा सर्वांत आतला थर,
परागकणांना पोसतो.
तो शेवटी विरघळतो, हे राहतं.
मी अर्धा मार्क कापते.

धोत्र्याच्या कळ्या खळदकर आणायचे,
सकाळी सातला, म्हात्रे पुलाखालच्या उकिरड्यावरून,
ओल्या फडक्यात गुंडाळून.
फुललेलं नको, म्हणायचे, फुललेल्यात ते नसतं.
नखाएवढी कळी.
मग ब्लेडचा काप, सॅफ्रनिनचा थेंब,
आणि मायक्रोस्कोपखाली चार खोल्या,
भिंतीला धरून फुगलेल्या पेशी,
एकेकीत दोन-दोन केंद्रकं.
एवढ्या राबण्याला एक कुठलं पुरतंय.

वर्गात एकदा मी त्या थराला आई म्हणणार होते.
नाही म्हटलं.
आईवर निबंध तरी लिहितात.

एकतीस मेला खळदकर रिटायर झाले.
मी पेपर तपासत होते.
'येतो मॅडम' म्हणाले.
'हं' म्हटलं असणार मी.
मान वर केल्याचं आठवत नाही.

त्या रात्री नदीपात्रातल्या रस्त्याने येताना
वळणावर सहा दिवे, निळसर हिरवे,
जमिनीपासून हातभर वर.
तीन म्हशी. रवंथ चालू.
त्यांच्याही डोळ्यात टॅपेटम.
नाव तेच, काम निराळं; कुणा लॅटिनवाल्याला
दोन्हीकडे गालिचाच दिसला.
इथे तो पडद्यामागचा आरसा:
पहिल्या खेपेला निसटलेला उजेड
परत फिरवतो. घे, अजून एकदा बघ.
म्हशीला असतो. मांजराला असतो.
वेताळ टेकडीवरच्या कोल्ह्यालाही.
आपल्याला नाही.
आपल्या पडद्यामागे नुसतं काळं.
निसटलं ते मुरलं.

स्कूटर बंद केली. दिवे विझले.
म्हशी मात्र मला बघत राहिल्या असाव्यात,
रवंथ ऐकू येत होता.

जुलैत नवा मुलगा आला, तन्मय.
अख्खं फूल घेऊन आला, पांढरंशुभ्र, उमललेलं.
कापात भिंत रिकामी.
परागकण सुटे,
आणि प्रत्येकावर चिकट, पिवळट लेप:
विरघळलेल्याचं तेवढंच उरतं,
पतंगाच्या अंगाला चिकटून
दुसऱ्या फुलापर्यंत जातं.

'हे नको रे,' मी म्हटलं, 'फुललेल्यात ते नसतं.
नखाएवढी कळी आण.
म्हात्रे पुलाखाली मिळेल.'

तो गेला.
मी फडकं ओलं करून ठेवलं.